शितावरून औषधाची परीक्षा

दिवाळीनंतर महिनाभरानं एक काका ओपीडीत आले. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मधुमेहाला आठ-नऊ वर्षं झालेली, गोळ्या व्यवस्थित घेणारे, हिशेबी गृहस्थ. एका हातात वही, दुसऱ्या हातात एका चूर्णाचं चकचकीत पत्रक. पत्रकावर दोन स्तंभ, एक उंच लाल, एक बुटका हिरवा. लालखाली ‘आधी’, हिरव्याखाली ‘नंतर’, आणि वर ठळक अक्षरांत ‘प्रयोगाने सिद्ध: साखरेत लक्षणीय घट’. काकांनी चूर्ण महिनाभर गोळ्यांबरोबर घेऊन पाहिलं होतं. वहीत उपाशीपोटीच्या साखरेचे आकडे होते. चूर्णाआधीचे पाच: १६८, १५१, १८३, १५९, १७४. नंतरचे पाच: १४९, १७२, १५८, १४४, १६७.

“सरासरी काढली डॉक्टर. १६७ वरून १५८. नऊनं उतरली. आता निम्मी गोळी बंद करू का?”

गोळी कमी करायची की नाही, हा साधा प्रश्न नाही. साखर वर्षानुवर्षं वर राहिली तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा हळूहळू जातात आणि त्या जाताना बहुतेकदा दुखत नाहीत. म्हणजे हा निर्णय चुकला तर ते कळायला काही वर्षं लागतात. आणि हा सगळा निर्णय टेकला होता दोन सरासरींमधल्या नऊ या आकड्यावर. म्हणून आजचा लेख कोणत्या आजारावर नाही, दोन आकड्यांमधल्या फरकावर आहे. गणिताचा धसका असेल तरी वाचा. बेरीज-भागाकारापलीकडे फारसं काही लागणार नाही.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती बरोबरही ठरते, कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. तरीसुद्धा मुरलेला हात एका शितावर थांबत नाही. तळचं एक आणि वरचं एक दाबून बघतो. माणसं मात्र एका पातेल्यात शिजलेली नसतात. एवढंच काय, एकच माणूस सोमवारी आणि गुरुवारी सारखा नसतो. रात्री किती वाजता जेवलात, झोप कशी झाली, सर्दी होती का, आदल्या दिवशी किती चाललात, या सगळ्यानं उपाशीपोटीची साखर दहा-वीस अंकांनी सहज इकडेतिकडे होते.

त्यात घरच्या मशिनची भर. ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मशिनचा आकडा शंभरातल्या किमान ९५ वेळा प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आत असावा लागतो. म्हणजे खरी साखर १६० असताना मशिननं १३६ दाखवलं काय किंवा १८४ दाखवलं काय, मशिन पास! आता काकांची वही पुन्हा बघा. दहाच्या दहा आकडे या पट्ट्यात बसतात. दोन्ही महिने काकांची साखर रोज नेमकी १६० असती, तरी मानकात बसणारं मशिन हेच दहा आकडे दाखवू शकलं असतं.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते थोडे खट्टू झाले. “मग मोजायचं तरी कशाला?” म्हणाले. मोजायचंच. पण सरासरीच्या शेजारी आणखी एक आकडा लिहायचा, तो म्हणजे पसरण.

दोन एसटी गाड्या घ्या. दोन्ही सरासरी दहा मिनिटं उशिरा येतात. एक रोज नऊ ते अकरा मिनिटं उशिरा येते, दुसरी कधी वेळेवर तर कधी चाळीस मिनिटांनी. सरासरी सारखीच, पण तुम्हाला पुढची गाडी पकडायची असेल तर पहिलीचाच भरवसा धराल. आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, हे मोजायच्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. कॉलेजात शिकलेले त्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. काकांच्या पहिल्या पाच आकड्यांसाठी ते साधारण १२.५ येतं, दुसऱ्या पाचांसाठी सुमारे १२. म्हणजे आकडे स्वतःच बारा-साडेबारानं डुलताहेत आणि आपण नऊच्या फरकावर गोळी बंद करायला निघालोय.

गणित पुढे नेलं तर असं येतं: या दहा आकड्यांवरून खरा फरक किती असेल याचा प्रामाणिक अंदाज ‘नऊ’ असा एक आकडा नाही. तो एक पट्टा आहे. साखर २७ नं उतरली असेल इथपासून ते उलट ९ नं चढली असेल इथपर्यंत. पट्ट्याच्या मधे शून्य बसलंय. चूर्णानं काहीच केलं नाही, ही शक्यता या वहीनं खोडलेली नाही. इथं एक गोष्ट तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी: चूर्ण निरुपयोगी आहे, हेही या वहीनं सिद्ध झालेलं नाही. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आमच्यातलेही कितीतरी जण ती एकच समजतात.

हे असं गणित करायची पद्धत कुठून आली, त्याची गोष्ट मला फार आवडते. विल्यम सीली गॉसेट नावाचा एक रसायनतज्ज्ञ डब्लिनच्या गिनेस कंपनीत, म्हणजे चक्क बिअरच्या कारखान्यात कामाला होता. बार्ली, हॉप्स यांचे नमुने तपासायचे, पण नमुने थोडे. चार, पाच, फार तर दहा. तोपर्यंतचं गणित शेकडो नमुने धरून चालणारं. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासानं बोलता येईल, याचं उत्तर त्यानं काढलं आणि १९०८ साली छापलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावानं शोधनिबंध छापू देत नसे, म्हणून ‘स्टुडंट’ या टोपणनावानं. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही छळणारी ‘स्टुडंटची टी-टेस्ट’ ती हीच.

त्या निबंधात त्यानं पहिल्या उदाहरणासाठी जे आकडे घेतले ते बार्लीचे नव्हते, रुग्णांचे होते. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका मनोरुग्णालयात कुशनी आणि पीबल्स या दोघांनी झोपेच्या औषधांचा प्रयोग करून १९०५ मध्ये छापला होता, त्यातले दहा रुग्ण. प्रत्येकाला दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेळी दिलेली, आणि औषधाविना जितकी झोप लागते त्यापेक्षा किती तास जास्त लागली ते लिहिलेलं. पहिल्या औषधानं सरासरी पाऊण तास झोप वाढली, दुसऱ्यानं सरासरी २.३३ तास. मोठा फरक वाटतो. पण पसरण बघा. पहिल्या औषधावर एकाची झोप १.६ तासांनी कमी झाली, तर दुसऱ्या एकाची ३.७ तासांनी वाढली. दुसऱ्या औषधावर आकडे उणे ०.१ पासून ५.५ पर्यंत. दोन्ही ढिगारे एकमेकांत घुसलेले. हे दहा आणि ते दहा असे वीस वेगळे रुग्ण आहेत असं समजून गणित केलं, तर औषधांत काही फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं इतका फरक दिसायची शक्यता शंभरात आठ येते. म्हणजे ठाम काही बोलता येत नाही.

आता तेच आकडे दुसऱ्या तऱ्हेनं वाचू. हे वीस रुग्ण नाहीत, दहाच आहेत. मग प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करा. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधानं जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच, आणि पहिल्या औषधानं जास्त झोप लागलेला एकही नाही. गाढ झोपणारा आणि मुळातच कमी झोपणारा यांच्यातला फरक गणितातून निघून गेला आणि फक्त औषधाचा फरक उरला. आता योगायोगाची शक्यता हजारात तीन. रुग्ण तेच, आकडे तेच. कोणाची तुलना कोणाशी करायची, एवढंच बदललं. माझ्या मते तुलना म्हणजे काय, ते शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

म्हणून काकांनी स्वतःचीच तुलना स्वतःशी केली, हे मला पसंत पडलं आणि मी तसं सांगितलंही. शेजारच्या कुलकर्णींना चूर्णानं गुण आला, यापेक्षा ही वही कितीतरी चांगली. पण वहीच्या तारखा मी नंतर बघितल्या. पहिले पाच आकडे दिवाळीच्या आठवड्यातले! चकली, करंजी, बेसनाचे लाडू, रात्री उशिराची जेवणं. दुसरे पाच महिनाभरानंतरचे, घरातला फराळ संपल्यावरचे. वर मुलानं भाऊबिजेला आल्यावर चालायचे बूट आणून दिलेले, त्यामुळे सकाळचा फेरफटकाही सुरू झालेला. मग ते नऊ, खरे असले तरी, चूर्णाचे की बुटांचे की संपलेल्या डब्याचे?

यात एक मोठी मेख आहे. आपण नवा उपाय कधी सुरू करतो? सगळं ठीक चाललेलं असताना कोणी करत नाही. आकडा सर्वांत वाईट येतो तेव्हा, गुडघा सर्वांत जास्त दुखतो तेव्हा, केस मूठभर गळतात तेव्हा. आणि सर्वांत वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुतेक वेळा थोडा बरा असतोच, काही केलं तरी आणि नाही केलं तरी. फ्रान्सिस गॉल्टननं एकोणिसाव्या शतकात आई-वडील आणि मुलं यांच्या उंच्या मोजताना हे पाहिलं: फार उंच आई-वडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं त्यांच्याइतकी नाही. टोकाचा आकडा पुढच्या खेपेला मधे सरकतो. या सरकण्याचं श्रेय मधल्या काळात जो कोणी उपाय देत असेल त्याच्या पदरात पडतं. त्यात चूर्णवाले आहेत, अंगठीवाले आहेत आणि, हो, आम्ही डॉक्टरही आहोत.

यावर इलाज एकच, तुलनेचा गट. तो का लागतो, ते क्षयरोगाच्या एका प्रसिद्ध प्रयोगातून कळतं. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग छापला. एकूण १०७ रुग्ण. ५५ जणांना अंथरुणात विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना फक्त विश्रांती. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं यादृच्छिक आकड्यांवरून ठरवून बंद लिफाफ्यांत घातलं होतं. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ४ जण दगावले होते, नुसत्या विश्रांतीवाल्यांपैकी १४. हा फरक सगळे सांगतात. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: नुसत्या विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १७ जणांचे छातीचे फोटो सुधारले होते, ४ जणांचे तर बरेच. तीनातला एक! त्या ५२ जणांना कोणी रोज चमचाभर चूर्ण दिलं असतं आणि शेजारी दुसरा गटच नसता, तर आज त्या चूर्णाच्या पत्रकावर ‘क्षयरोगात तीनातल्या एकाला गुण’ असं छापलेलं असतं, आणि त्यातला एकही आकडा खोटा नसता. (स्ट्रेप्टोमायसिनचीही पुढची गोष्ट आहे. बऱ्याच रुग्णांत जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले, म्हणून आज क्षयाला एकच औषध कधी देत नाहीत. त्यावर वेगळा लेख लिहीन.)

आता पत्रकातल्या ‘लक्षणीय’ या शब्दाकडे येऊ. हा शब्द इंग्रजीतल्या ‘सिग्निफिकंट’चं भाषांतर आहे, आणि माझं मत विचाराल तर गेल्या शंभर वर्षांत वैद्यकात याहून जास्त गैरसमज पसरवलेला शब्द नसेल. रोजच्या मराठीत लक्षणीय म्हणजे डोळ्यात भरण्याजोगं, मोठं. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ इतकाच: औषधात काहीच दम नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता वीसात एकाहून कमी आहे. ‘पी’ ०.०५ पेक्षा कमी, असं जे लिहितात ते हेच. औषध काम करत नसण्याची शक्यता वीसात एक, असा त्याचा अर्थ होत नाही. ही चूक चांगले शिकलेले लोकही करतात. आणि वीसात एक ही रेघ कोणी निसर्गात शोधून काढलेली नाही. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९२५ च्या आपल्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली, आणि ती दगडावरची रेघ होऊन बसली.

या शब्दात फरक किती मोठा हे कुठेच येत नाही. समजा वीस हजार लोकांवर प्रयोग केला आणि साखर सरासरी दोन अंकांनी उतरली. इतक्या लोकांत हा दोनचा फरक ‘लक्षणीय’ ठरू शकतो. पण दोन अंकांनी तुमचा डोळा वाचणार आहे का? उलट दहाच रुग्णांच्या प्रयोगात चाळीसचा खरा फरक असूनही तो रेघेच्या पलीकडे राहू शकतो. म्हणून ‘लक्षणीय घट’ असं वाचलं की पहिला प्रश्न विचारा: कितीनं? आणि आकडा मिळाला की लगेच: किती ते किती?

आणखी एक गंमत. वीसात एक म्हणजे काय, तर ज्या गोष्टीत काहीच दम नाही ती वीस वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं तपासली, तर सरासरी एकदा ती ‘लक्षणीय’ ठरेल. साखर, कोलेस्टेरॉल, वजन, झोप, पचन, उत्साह असं मोजत जा, काहीतरी हाताला लागतंच. पत्रकावर तेवढंच छापायचं. हे किती हास्यास्पद होऊ शकतं ते ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मुद्दाम करून दाखवलं. १९८८ साली छापलेल्या आयसिस-२ या प्रयोगात हार्ट ॲटॅक आलेले १७,१८७ रुग्ण होते. ॲस्पिरिन घेणाऱ्या ८,५८७ जणांपैकी पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी ८०४ दगावले; नकली गोळी घेणाऱ्या ८,६०० पैकी १,०१६. ॲस्पिरिन जीव वाचवतं याबद्दल शंकाच उरली नाही. मग वेगवेगळ्या लहान गटांत फायदा किती, हे दाखवा, अशी मागणी आली. संशोधकांनी ते दाखवलं, पण सोबत रुग्णांच्या राशींप्रमाणेही गट पाडले. आणि काय आश्चर्य! मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत ॲस्पिरिननं मृत्यू किंचित वाढलेले दिसले, १४७ च्या जागी १५०. बाकीच्या दहा राशींत मात्र ८६९ च्या जागी ६५४. (या राशी जन्मतारखेवरून धरलेल्या पाश्चात्त्य राशी. आपली चंद्ररास धरली असती तर दुसऱ्या कोणत्या तरी दोन राशींवर बालंट आलं असतं.) गट जितके बारीक पाडाल तितके असे भास जास्त. ‘आमचं औषध वात प्रकृतीच्या चाळिशीवरच्या स्त्रियांत विशेष गुणकारी’ असं वाचलं, की मला मिथुन-तूळ आठवतं.

स्तंभांच्या टोकाला कधी कधी काळ्या उभ्या रेषा असतात, मिशांसारख्या. काकांच्या पत्रकावरही होत्या, अगदी आखूड. आखूड मिशा बघून वाटतं, वा, सगळ्यांना सारखाच गुण आला. पण त्या मिशा कसल्या, हे खाली लिहिलेलं नसेल तर त्यांना काही अर्थ नाही. रुग्णांच्या आकड्यांची पसरण २० असेल आणि रुग्ण १०० असतील, तर सरासरीची अनिश्चितता फक्त २ येते. पसरण भागिले रुग्णसंख्येचं वर्गमूळ. दोन्ही आकडे खरे, दोन्हींचे उपयोग वेगळे. सरासरी किती पक्की, हे २ सांगतो. तुम्हाला स्वतःला काय होईल, याचा अंदाज २० वरून बांधायचा. छापणाऱ्याला अर्थातच २ आवडतो. शोधनिबंधांतही हे सर्रास चालतं, एकट्या चूर्णवाल्याला का दोष द्या?

आणि ‘किती जणांवर’ हे विचारताना माणसं मोजा, मोजमापं मोजू नका. सहा उंदरांचं प्रत्येकी पाच वेळा रक्त काढलं तर तीस नमुने होतात, तीस उंदीर होत नाहीत. सहाही उंदीर एका पिंजऱ्यातले असतील, एकाच मादीची पिल्लं असतील, तर सहा म्हणतानाही अडखळायला हवं. एकाच आजीची साखर दहा वेळा मोजली म्हणून दहा आज्या होत नाहीत, हे कोणत्याही आजीला पटेल. प्रयोगशाळांत मात्र ही चूक इतकी होते की तिला वेगळं नावच आहे, खोट्या पुनरावृत्तीची चूक.

एकाच माणसात रोज होणारा हा बदल किती मोठा असतो, यावर आयुष्याचा बराच भाग खर्च केलेला माणूस आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, निवृत्तीनंतर पुण्यात आले. एका दिवसाच्या जेवणावरून माणसाला उपाशी किंवा धष्टपुष्ट ठरवू नका, त्याचं खाणं आणि त्याची गरज दोन्ही दिवसादिवसाला बदलतात, असं ते सांगत. त्यावरून कुपोषितांची संख्या फुगवून सांगितली जाते, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष अनेकांना पटला नाही आणि त्यावर मोठा वाद झाला. मलाही तो पूर्ण पटत नाही. पण एका आकड्यावर माणसाला शिक्का मारू नये, हे त्यांचं म्हणणं मी रोज ओपीडीत वापरतो.

आता आमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे डॉक्टरांनी चूर्णवाल्यांना दिलेलं प्रवचन होईल. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या काही लोकांच्या हृदयाचे ठोके मधेच चुकतात, आणि असे ठोके जास्त असलेले लोक जास्त दगावतात, हे माहीत होतं. मग ठोके सरळ करणारी औषधं दिली की माणसं वाचतील, असं वाटणं साहजिक होतं. फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ही त्यांतली दोन. ठोके खरंच सरळ होत. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे स्तंभ काढले असते तर काकांच्या पत्रकाहून देखणे दिसले असते. ही औषधं सर्रास दिली जात होती. मग कास्ट नावाच्या प्रयोगात पहिल्यांदा नकली गोळीशी नीट तुलना झाली आणि ठोक्यांऐवजी मृत्यू मोजले गेले. १९९१ मध्ये आकडे छापले: औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मृत्यू, नकली गोळीवाल्या ७४३ पैकी २६. सरासरी दहा महिन्यांत. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती. ती औषधं लिहिणारे हुशार, सद्भावी डॉक्टर होते, त्यांच्या हातातले आकडे खरे होते, फक्त चुकीच्या गोष्टीची तुलना झालेली होती. म्हणून पत्रकावर काय उतरलं हे बघताना तुम्हाला जे वाचवायचंय तेच मोजलंय का, हेही बघा. उंदरांची साखर उतरली, ही आनंदाची बातमी आहे, उंदरांसाठी.

काकांचं पुढे काय झालं? गोळी कमी केली नाही. चूर्णात काय आहे ते पुडीवर धड लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते थांबवायला सांगितलं. बूट चालू ठेवायला सांगितलं. एका गोळीचा डोसही थोडा वाढवला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करून आले. आधीचं ८.१ होतं, ते ७.८ आलं. मी रिपोर्ट बघून खुशीत म्हणालो, “बघा काका, डोस वाढवल्याचा फायदा झाला.”

काकांनी चष्मा वर सरकवला. “०.३ चा फरक खरा धरायचा का डॉक्टर? आणि दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे नाहीत.”

नव्हतेच. या तपासणीत साधारण ०.५ चा फरक असेल तरच आम्ही तो खरा धरतो. शिवाय पहिला रिपोर्ट दिवाळीनंतरचा. मी फाइलवर लिहिलेलं ‘सुधारणा’ खोडलं आणि तिथं लिहिलं, ‘तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये पुन्हा.’